नाव तेच, स्टेशन दुसरं

आमची मुलगी टोकियोत राहते. कुठे, असं कुणी विचारलं की आमची ही मोठ्या अभिमानाने सांगते, "कासाईला." ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पोरीला कुठे दिली म्हणायची यांनी? मग मला मध्ये पडून खुलासा करावा लागतो की कसाई नव्हे, कासाई. तिथे सभ्य माणसं राहतात, जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि शेजारपाजारी दोन-चार घरं सोडून मराठी ऐकू येतं. हे शेवटचं मात्र खरं आहे. २००० सालाच्या आगेमागे भारतातले कॉम्प्युटरवाले टोकियोत जाऊ लागले आणि त्यांतल्या पुष्कळांनी हाच भाग धरला. आज तिथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो आणि गणपतीत मोदकाचं आमंत्रणही मिळतं.

पण या कासाईनेच परवा माझा घात केला.

झालं असं, की पहिला आठवडाभर मी मुलीच्या मागून हिंडत होतो. माणूस कुणाच्या मागून चालला की तो स्टेशनचं नाव वाचत नाही, पुढच्याची पाठ वाचतो. आठव्या दिवशी मला स्वाभिमान आठवला. म्हटलं, सदतीस वर्षं नोकरी केली ती काय उगीच? आज मी एकटा निहोम्बाशीला जाणार आणि एकटा परत येणार. मुलीने "बाबा, जमेल ना?" असं तीनदा विचारलं, हिने एकदाही विचारलं नाही, नुसतं माझ्या खिशात पत्त्याची चिठ्ठी कोंबली. जाणं झकास झालं. येताना तोझाई लाइनच्या गाडीत बसलो आणि कान टवकारून राहिलो. गाडी भुयारातून वर आली, उजेड झाला आणि आवाज आला, "निशी-कासाई, निशी-कासाई."

आता निशी म्हणजे रात्र हे आम्हाला शाळेत शिकवलेलं. घड्याळात पाहिलं तर दुपारचे चार. मी मनाशी म्हटलं, हे रात्रीचं कासाई दिसतंय, आपलं दिवसाचं पुढे असेल. आणि खरोखरच पुढचं स्टेशन आलं ते कासाई! मी विजयी मुद्रेने उतरलो. बाहेर येऊन पाहतो तर ओळखीचं काहीच नाही. कोपऱ्यावरचा पावाचा कारखाना नाही, सायकलींचा ढीग नाही, डाळतांदळाचं दुकान नाही. एका रात्रीत गाव हलवलं की काय!

मुलीला फोन केला.

"बाबा, कुठे आहात?"

"कासाईला."

"निशी-कासाई ना?"

"नाही, नुसतं कासाई."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग अगदी हळू आवाजात, लहान मुलाशी बोलावं तसं, "बाबा, जिथे उभे आहात तिथेच उभे राहा. हलू नका."

मी हललो नाही. ती सायकल मारत येईपर्यंत ज्या भिंतीला टेकून उभा होतो ते भुयारी रेल्वेचं संग्रहालय निघालं. रेल्वेच्याच पुलाखाली, १९८६ साली थाटलेलं. टोकियोतली, म्हणजे साऱ्या आशियातली पहिली भुयारी गाडी १९२७ साली उएनो ते आसाकुसा धावली, तिचा पिवळाधमक डबा आत जपून ठेवला आहे. पुढे मी तो दोनदा पाहिला. चुकीच्या स्टेशनावर उतरण्याचा एवढा फायदा मला आयुष्यात प्रथमच झाला.

घरी आल्यावर कळलं की निशी म्हणजे रात्र नव्हे, पश्चिम. निशी-कासाई म्हणजे पश्चिम कासाई. कासाई स्टेशन १९६९ सालचं, आणि वस्ती वाढली म्हणून अलीकडे निशी-कासाई काढलं ते १९७९ साली. "एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली नाही?" असं हिने विचारलं. मला खरी लाज वाटली ती यासाठी, की एकाच नावाची दोन गावं हा तर माझा धंदा.

मी टपालातला. आगगाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं खणांत टाकण्यात जन्म गेला. वडगाव हे नाव लिहिलेलं पाकीट हातात आलं की कपाळावर आठी पडायची. वडगाव कुठलं? एकट्या पुणे जिल्ह्यातच वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव निंबाळकर. लिहिणारा "मु. पो. वडगाव" एवढं लिहून मोकळा. त्याच्या दृष्टीने जगात वडगाव एकच, त्याची बहीण राहते ते. १९७२ सालच्या १५ ऑगस्टला पिन कोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठीच आणि वर संस्कृतचे कवी. एकसारख्या नावांच्या जंगलातून वाट काढायला सहा आकडे पुरे झाले. जपान्यांनीही तेच केलं. टोकियोच्या भुयारी गाड्यांच्या स्टेशनांना २००४ साली नंबर दिले. निशी-कासाई टी-१६, कासाई टी-१७. मुलगी म्हणाली, "बाबा, नाव विसरा. टी-सोळा लक्षात ठेवा." नाव विसरा! टपालातल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे हलवायाला साखर विसर म्हणण्यापैकी आहे.

शेजारी एक ओजीसान राहतात. ओजीसान म्हणजे आजोबा. वय माझ्याएवढंच, पण टेकडी चढताना माझ्यापुढे असतात. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. माझ्या फजितीची हकिकत सायकलीवरून इमारतभर पोचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बगलेत रेल्वेचं वेळापत्रक मारून हजर झाले. वेळापत्रक म्हणजे आपल्या पंचांगाच्या चौपट जाड. दर महिन्याला नवं निघतं आणि लोक ते कादंबरीसारखं वाचतात. मुलगी दुभाषी झाली, हिने चहा ठेवला, आणि पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी एक टपालवाला आणि एक रेल्वेवाला एकसारख्या नावांवर बोलत बसले.

पहिला धक्का घरचाच होता. ओजीसाननी कागदावर दोन अक्षरं काढली आणि सांगितलं की कासाई हेच मुळी कात्सुशिका नावाच्या जुन्या परगण्याचा पश्चिम भाग. 'कासाई'तलं दुसरं अक्षर पश्चिमेचंच. म्हणजे निशी-कासाई हे पश्चिम-पश्चिम-कात्सुशिका झालं! शिवाय पलीकडे हिगाशी-कासाई नावाची आळी आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम-कात्सुशिका. ही म्हणाली, "पूर्व-पश्चिम काय, एकदा काय ते ठरवा म्हणावं." आणि मी ज्या लाइनीने आलो ती तोझाई, तिचाही अर्थ पूर्व-पश्चिम. बरं, तोझाई तरी एकच असावी? सापोरोत तोझाई आहे, क्योतोत तोझाई आहे, सेंदाईत तोझाई आहे. चार शहरं, चार भुयारं, नाव एक.

मी विचारलं, "दिशा तरी खऱ्या असतात का?" त्यावर ओजीसान इतके हसले की चहा सांडला. शिनागावा हे टोकियोतलं मोठं स्टेशन. त्याच्या पुढचं छोटं स्टेशन किता-शिनागावा. किता म्हणजे उत्तर. आणि हे उत्तर-शिनागावा शिनागावाच्या दक्षिणेला आहे! मी हे ऐकून होकायंत्राच्या वाटेला जाणंच सोडून दिलं. पण नीट पाहिलं तर चूक त्या बिचाऱ्या किता-शिनागावाची नाही. शिनागावा हा जुन्या तोकाइदो हमरस्त्यावरचा मुक्काम. त्या वस्तीच्या उत्तर टोकाला किता-शिनागावा अगदी योग्य जागी आहे. १८७२ साली रेल्वे आली तेव्हा मोठं स्टेशनच वस्तीच्या बाहेर, वरच्या अंगाला बांधलं आणि नाव मात्र वस्तीचं घेतलं. आजही शिनागावा स्टेशन शिनागावा वॉर्डात नाही, मिनातो वॉर्डात आहे. मग शिनागावा वॉर्डाने काय करावं? त्याने मेगुरो स्टेशन घेतलं, आणि मेगुरो वॉर्ड हात चोळत बसला.

आत्सुगीची गंमत तर आपल्याकडच्या भाऊबंदकीत शोभेल. आत्सुगी स्टेशन आत्सुगी गावात नाही, नदीच्या अलीकडे एबिना गावात आहे. खऱ्या आत्सुगीत जे स्टेशन आहे त्याला बिचाऱ्याला आपलं नाव होन-आत्सुगी असं सांगावं लागतं. होन म्हणजे मूळ, अस्सल. आपल्याकडे मिठाईच्या दुकानावर "आमची कोठेही शाखा नाही" अशी पाटी असते ना, त्यातलाच प्रकार.

जपानातली पहिली रेल्वे १४ ऑक्टोबर १८७२ रोजी सुरू झाली, शिम्बाशी ते योकोहामा. आपली मुंबई-ठाणे १८५३ची, म्हणजे या बाबतीत आम्ही एकोणीस वर्षांनी थोरले. हे मी ओजीसानना दोनदा सांगून घेतलं. पण त्या पहिल्या रेल्वेची दोन्ही टोकं आज शोधायला जावं तर सापडायची नाहीत. १९१४ साली टोकियो स्टेशन उघडलं तेव्हा मूळच्या शिम्बाशीला मालगाड्यांकडे पाठवलं आणि शिओदोमे हे नाव दिलं. मग शिम्बाशी हे नाव वाया घालवायचं कसं? ते जवळच्या कारासुमोरी स्टेशनाला दिलं. पुढच्याच वर्षी मूळच्या योकोहामाचं साकुरागीचो झालं आणि योकोहामा दुसरीकडे गेलं. ते १९२३च्या भूकंपात जळलं. १९२८ साली तिसऱ्या ठिकाणी तिसरं योकोहामा उभं राहिलं, तेच आजचं. आपल्याकडे भाडेकरू जागा बदलतो आणि नावाची पाटी बरोबर नेतो, तशी या नावांनी जागा बदलली.

ओसाकात याच्या उलट. तिथे जागा एक आणि नावं अनेक. १८७४ साली सरकारी रेल्वेने ओसाका स्टेशन बांधलं ते गावाबाहेरच्या उमेदा नावाच्या शिवारात. पुढे खासगी रेल्वेवाले आले, हान्शिन १९०६ साली, हान्क्यू १९१० साली. त्यांची स्टेशनं शेजारीच, पण नाव उमेदा. मग भुयारी रेल्वे आली, तिचंही उमेदा. मग भुयारी रेल्वेच्याच दुसऱ्या मार्गांवर निशी-उमेदा आणि हिगाशी-उमेदा. एकाच भल्यामोठ्या चौकात उभ्या असलेल्या परक्या माणसाला ओसाकाहून उमेदाला कसं जायचं ते कळेना. आणि कळणार तरी कसं, तो उभाच उमेदात होता! शेवटी १ ऑक्टोबर २०१९ रोजी हान्क्यू आणि हान्शिन या दोघांनीही आपल्या स्टेशनांचं नाव ओसाका-उमेदा असं केलं. म्हणजे लग्न झालेल्या मुलीने माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लावावी तसं. टोकियोत आसाकुसा नावाची स्टेशनं एकमेकांपासून सुमारे ६०० मीटरवर आहेत. जुन्या आसाकुसापाशी १९२७ पासून भुयारी गाडी आहे, तर दुसरं २००५ सालचं. तिथे मात्र अजून कुणी आडनाव लावलेलं नाही. तेव्हा "आसाकुसा स्टेशनावर भेटू" एवढंच ठरवून कुणी लग्न जमवायला निघू नये.

इथपर्यंत सगळा हसण्याचा मामला होता. पण माझ्यातला टपालवाला स्वस्थ बसेना. मी विचारलं, "आमच्याकडे बुद्रुक, खुर्द लावतात. तुमच्याकडे काय?"

ओजीसाननी वेळापत्रकाची पानं उलटली. मुसाशी-साकाई, मुसाशी-कोसुगी, मुसाशी-उरावा. यामातो-साईदाईजी. कावाची-कोकुबु. किसो-फुकुशिमा. म्हणाले, "पुढची नावं पाहा. यातले मुसाशी, यामातो, कावाची हे प्रांत आता नाहीत."

नाहीत म्हणजे? तर जपानात पूर्वी साठाहून अधिक जुने प्रांत होते, हजार-बाराशे वर्षांचे. १८७१ साली मेइजी सरकारने सरदारांच्या जहागिऱ्या मोडल्या, नवे जिल्हे पाडले आणि जुने प्रांत कागदावरून हळूहळू पुसले गेले. रेल्वे त्यानंतर वाढली. ती वाढली तीही वेगवेगळ्या खासगी कंपन्यांची. प्रत्येक कंपनीने आपापल्या गावाचं नाव स्टेशनाला दिलं. दुसऱ्या टोकाला त्याच नावाचं स्टेशन आहे की नाही याची फिकीर कुणाला? मग १९०६ साली राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला आणि सतरा खासगी रेल्वे एका घरात आल्या. एकत्र कुटुंबात लग्न होऊन यावं आणि घरात आधीच दोन मंदा असाव्यात तशी गत झाली. तेव्हा धाकटी मंदा, पुण्याची मंदा असं करावं लागतं. इथे रेल्वेवाल्यांनी पुसलेले प्रांत परत काढले. साकाई नावाची स्टेशनं अनेक, म्हणून टोकियोजवळचं १८८९ सालचं साकाई १९१९ साली मुसाशी-साकाई झालं. साईदाईजी म्हणजे पश्चिमेचं थोर मंदिर. एक ओकायामाकडे, एक नाराला. नाराच्या स्टेशनाने यामातो हा जुना प्रांत पुढे लावला आणि यामातो-साईदाईजी झालं. आपल्याकडे उद्या वऱ्हाड-वडगाव, खानदेश-वडगाव अशी स्टेशनं निघाली तर जसं वाटेल तसंच हे. जे प्रांत सरकारने दप्तरातून काढून टाकले ते दर पाच मिनिटांनी लाऊडस्पीकरवरून पुकारले जातात.

आणि काही नावं तर मुळापासूनच सारखी, कारण त्यांच्यामागे हुकूम एक. ७४१ साली शोमू सम्राटाने फर्मान काढलं की प्रत्येक प्रांतात एक सरकारी बौद्ध मंदिर बांधा. त्या मंदिराला म्हणायचं कोकुबुनजी. सम्राटाने हे पुढे स्टेशनमास्तरांच्या डोक्याला होईल याचा विचार केला नव्हता. आज टोकियोत कोकुबुनजी आहे, निशी-कोकुबुनजी आहे; कागावात कोकुबु आहे, कागोशिमात कोकुबु आहे. टोकियोच्या कोकुबुनजी आणि ताचिकावा यांच्यामध्ये १९२६ साली नवं स्टेशन काढलं, तेव्हा नाव शोधायचा कंटाळा आला असावा. एकाचं पहिलं अक्षर घेतलं, दुसऱ्याचं पहिलं घेतलं आणि कुनिताची तयार केलं. आता कुनिताची नावाचं आख्खं शहर आहे.

नाव एक लिहावं आणि वाचावं तीन तऱ्हांनी, हाही प्रकार आहे. 'देव' आणि 'दार' ही दोन अक्षरं लिहिली की ह्योगोत ते कोबे, आइचीत कान्बे आणि गुन्माच्या डोंगरात गोदो. कोबे हे बंदर, मोठं नाव. गोदो म्हणजे लहानसं खेडं. १९१२ साली तिथे स्टेशन झालं तेव्हा कोबेशी घोटाळा नको म्हणून त्याचं 'दार' काढून 'माती' हे अक्षर लावलं. उच्चार तोच, पण अक्षर परकं. पुढे सरकारी रेल्वेने ती लाइन सोडली आणि १९८९ साली ती एका लहानशा नव्या कंपनीकडे गेली, तेव्हा गावाने पहिली गोष्ट काय केली असेल? आपलं 'दार' परत लावून घेतलं. सत्त्याहत्तर वर्षांनी. हे सांगताना ओजीसान हसले नाहीत, आणि मीही हसलो नाही.

एका संध्याकाळी मी म्हटलं, "ज्यांना काहीच पुढे लावलेलं नाही आणि तरी दोन आहेत, अशी?"

त्यांनी दोन तिकिटं काढून माझ्या हातात ठेवली. दोन्हींवर शिरोइशी. तेच नाव, तीच अक्षरं, तोच उच्चार. एक मियागीतलं, एक थेट उत्तरेला होक्काइदोतलं, सापोरोजवळचं. ओळखायचं कसं? नावाच्या आधी कंसात एक बारीक अक्षर. एका तिकिटावर तोहोकू लाइनीतलं उत्तरेचं अक्षर, दुसऱ्यावर हाकोदाते लाइनीचं. टपालाची खूण रेल्वेला बरोबर समजली म्हणायची.

"हे कसं काय?" मी विचारलं. "इतकी नावं बदलली, मग हे एक का ठेवलं?"

ते म्हणाले, "हे दोन नाहीत. हे एकच आहे. अर्धं गाव उठून गेलं."

मियागीतलं शिरोइशी म्हणजे काताकुरा घराण्याचा किल्ला. १८६८ साली नवं सरकार आणि जुने सरदार यांच्यात लढाई झाली, त्यात उत्तरेकडच्या सरदारांचा पराभव झाला. काताकुरांची जमीन गेली. त्यांच्या शिपाईगड्यांपुढे दोन वाटा होत्या. तलवार टाकून दुसऱ्याच्या शेतात राबायचं, नाही तर होक्काइदोच्या जंगलात जाऊन स्वतःची जमीन करायची. त्यांतले सहाएकशे निघाले. १८७१च्या शरद ऋतूत त्यांच्यापैकी चारशे जणांना घेऊन निघालेलं जहाज किनाऱ्याजवळच खडकावर चढलं. जहाजही साधंसुधं नव्हे. कान्रिन-मारू! १८६० साली पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला जाऊन आलेलं. माणसं वाचली, जहाज गेलं. ही माणसं पुढे सापोरोजवळच्या रानात पोचली आणि बर्फ पडायच्या आत झोपड्या उभारून राहिली. आणि त्या रानाला नाव पडलं शिरोइशी. नवं शिरोइशी नाही, उत्तर शिरोइशी नाही. नुसतं शिरोइशी. १८८७ साली मूळ गावी रेल्वे आली, १९०३ साली रानातल्या गावी आली, आणि तिकीट छापणाऱ्याची पंचाईत झाली.

मी दोन्ही तिकिटं हातात धरून बसलो. आयुष्यभर मी ज्यांना 'अपुरा पत्ता' म्हणून शिव्या घातल्या ते हे लोक.

असं आणखी आहे. १८८४ साली हिरोशिमाकडची पंचवीस कुटुंबं होक्काइदोला गेली आणि त्यांनी वसवलेल्या गावाचं नाव हिरोशिमाच ठेवलं. १९२६ साली रेल्वे आली तिने मात्र शहाणपणा करून स्टेशनाला किता-हिरोशिमा म्हटलं. उत्तर हिरोशिमा. गाव आपलं हिरोशिमाच. १९९६ साली गावाचं शहर झालं तेव्हा कुठे गावाने स्टेशनाचं नाव घेतलं.

आणि मग त्यांनी शिन-तोत्सुकावाची गोष्ट सांगितली. तोत्सुकावा हे नारा जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव. १८८९च्या ऑगस्टमध्ये तिथे असा पाऊस झाला की डोंगर खाली आले, नदी अडली, शेतं गेली. उरलेल्यांपैकी सुमारे अडीच हजार माणसं त्याच वर्षी होक्काइदोला निघाली. दुसऱ्या वर्षी त्यांनी गाव वसवलं ते शिन-तोत्सुकावा. शिन म्हणजे नवं. जुन्या तोत्सुकावात रेल्वे कधी पोचलीच नाही. आजही तिथे बसनेच जावं लागतं. नव्या गावाला मात्र स्टेशन मिळालं. पण माणसं कमी होत गेली. २०१६ पासून दिवसाला एकच गाडी राहिली. सकाळी यायची आणि दहाच्या सुमारास परत जायची. साऱ्या जपानातली सगळ्यात लवकर सुटणारी शेवटची गाडी! ती लाइन २०२०च्या मेमध्ये बंद व्हायची होती, पण कोरोनाची साथ आली, गर्दी नको म्हणून १७ एप्रिललाच गाडी शेवटची धावली. नवं तोत्सुकावा आता वेळापत्रकात नाही.

'नवं' हा शब्द ऐकला आणि मला चहा गार झाल्याचं कळलं नाही.

आमचंही गाव धरणात गेलेलं. मी तेव्हा नोकरीत नुकता लागलो होतो. नदीकाठचं गाव उचलून सहा मैलांवर माळावर नेऊन बसवलं. सरकारी कागदात नाव पडलं 'नवे' अमुक. सरळ रस्ते, सरळ गटारं, प्रत्येकाला सारखा प्लॉट. मारुती सुद्धा नवा. आई त्या माळावर वीस वर्षं राहिली, पण 'नवं' हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही. कुणी विचारलं की ती नुसतं गावाचं नाव सांगायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर जाऊन जुन्या देवळाचा शेंडा दिसतो का बघायची. एकदा मी सुट्टीवर गेलो असताना तिने विचारलं, "तुझ्या पोष्टात आपल्या जुन्या गावाची पत्रं येतात का रे?"

मी म्हटलं, "येतात की. लोक अजून जुनाच पत्ता घालतात."

"मग ती कुठं टाकतोस?"

"नव्या गावच्या खणात."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि जुन्याला?"

तेव्हा मला हसू आलं होतं. पाण्याखाली पत्र कोण पोचवणार? ते मी निशी-कासाईला, सातव्या मजल्यावर, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ओजीसानना सांगितलं. मुलीला भाषांतर करायला जरा वेळ लागला. ओजीसाननी ते शिरोइशीचं, होक्काइदोचं तिकीट उचललं आणि माझ्यापुढे सरकवलं. "ठेवा," म्हणाले. वापरलेलं तिकीट, किंमत शून्य. मी पाकिटात ठेवलं आहे.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा एकटा बाहेर पडलो. या वेळी हिने चिठ्ठी दिली नाही, याचा अर्थ तिचा विश्वास बसला किंवा तिने आशा सोडली. येताना गाडी भुयारातून वर आली. समोर एक गृहस्थ उभे होते. स्वेटरवर कोट, कोटावर मफलर, हातात कापडी पिशवी आणि डोळ्यांत तीच भीती. लेकीकडे आलेला बाप लांबून ओळखू येतो. आवाज आला, "निशी-कासाई." ते दारापर्यंत गेले, थबकले आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अहो, कासाई हेच का?"

मी म्हटलं, "मुलीने काय सांगितलंय, निशी की नुसतं?"

ते विचारात पडले. दार लागायची घंटा वाजू लागली.

"डाळतांदळाचं दुकान आहे का घराजवळ?"

"आहे!"

"मग उतरा," मी म्हटलं, आणि त्यांच्या पिशवीला धरून दोघंही उतरलो.